तिरकी रेघ

हिरवा गोल मीच मागितला होता.
दर सोमवारी संचालक मंडळापुढे ठेवायला
एक वाटोळं, टवटवीत चित्र:
सुरक्षा अठ्ठ्याण्णव टक्के.
उरलेल्या दोनांबद्दल कुणी विचारलं नाही कधी.
मीही नाही.

मोन्तेविदेओ. जुलैतला हिवाळा.
पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
नेलिदा इरुरेता नोंदी वाचायची.
भोपळ्याच्या कवचातला कडू चहा नळीनं ओढत:
कोण आलं, कुठल्या दारानं, किती वाजता,
कुठल्या पंपाला काय विचारून गेलं.
रात्रीला चार लाख ओळी.
डोळ्यांत तेल घालून वाचलं तरी
चारशेव्या ओळीला तेल संपतं, म्हणाली.
मी हसलो नाही.
तेलाचं बजेट माझ्याच सहीनं कापलं गेलं होतं.

मग तिनं वाचणं सोडलं. घरं आखली.
एक आडवी ओळ म्हणजे एक रात्र,
एक घर म्हणजे एक मिनिट.
कुणी आलं की घर भरायचं,
जितकी वर्दळ तितकं गडद.
चाळीस रात्री, एकीखाली एक.

दोन वाजताचा उभा काळा पट्टा:
बॅकअप. इमानी, रोजचा.
पाचच्या सुमाराला उजाडत जाणारा करडेपणा:
पहिल्या बसनं येणारे पंपवाले.
आणि शनिवारचा एकटा ठिपका.
'हा ओस्काल्दो गुरुचागा. घरी भांडण झालं
की येतो, टाकीची पातळी बघत बसतो.'
तुला कसं ठाऊक?
'चित्रात आहे,' म्हणाली,
आणि तेवढं एक घर तिनं फिकं केलं.
'हे तुमच्या सोमवारच्या कागदावर जायचं नाही.'

मग ती रेघ.
वरून डावीकडून निघून
खाली उजवीकडे उतरत गेलेली,
कुणी पेंगताना पेन्सिल ओढावी तशी.
दर रात्री सात मिनिटं उशिरा.
एकेक रात्र सुटी घेतली तर काहीच नाही:
एक नाव, बरोबर पासवर्ड, मिनिटभर मुक्काम.
चाळीस रात्री मिळून पायवाट.

सुतावरून स्वर्ग गाठू नकोस, मी म्हणालो.
'सूत आहे ना पण?' ती म्हणाली.

नाव होतं बाल्दोमेरो सालाबेरी.
मार्चमध्ये आम्ही त्याला
नदीकडे तोंड केलेल्या दफनभूमीत पोचवून आलो होतो.
खातं बंद करायचा अर्ज
माझ्या टेबलावर, तिसऱ्या ढिगात.

तळघरात, पाइपांमागे, सापडलं त्याचं जुनं यंत्र.
धूळ, पंख्याची घरघर.
म्हाताऱ्याचा नव्या मीटरांवर विश्वास नव्हता.
रात्रीतून एकदा ते टाकीला विचारायचं: किती आहेस?
आकडा लिहून ठेवायचं, पुन्हा गप्प.
घड्याळ लावणारं कुणी उरलं नव्हतं,
म्हणून सात-सात मिनिटं मागं पडत
ते आपलं काम करत राहिलं होतं.
चोर नव्हता.
मी प्लग काढला. पंखा थांबायला
वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

वर आलो तर नेलिदा हसत नव्हती.
तिनं यंत्राची वही उघडून
तिच्यातल्या चाळीसही नोंदी चित्रातून पुसल्या होत्या.
रेघ गेली. तीन घरं राहिली.
त्याच नावाची, त्याच उतारावर,
पण वहीत नसलेली.
रेघेला चिकटून, एकेक मिनिट मागं,
जसं कुणी ओळखीच्या माणसामागून
दार बंद व्हायच्या आत शिरावं.
तिन्ही वेळा विचारलं होतं एकाच झडपेबद्दल.
कुणाला तरी ती रेघ आमच्याआधी दिसली होती.

सोमवारी गोल नेला नाही.
चाळीस रात्रींचा लांब कागद टेबलावर पसरला,
कोपऱ्यांवर चार कप ठेवून.
खोलीत बराच वेळ फक्त हीटरचा आवाज.
संचालिका सेन्योरा बिदेगाइन यांनी चष्मा पुसला,
वाकून पाहिलं, पुन्हा पुसला.
'बरं,' त्या म्हणाल्या,
'पण यात हिरवं कुठं आहे?'